आमच्या गॅरेजचा स्मार्ट ओपनर सारखा ऑफलाइन जातो, काय करावं?

तुमच्या प्रश्नात जे दिलंय ते असं: घर कॅलिफोर्नियातल्या बे एरियात, फ्रीमाँटला, घराला लागूनच गॅरेज. जुना राउटर काढून मेश (घरात ठिकठिकाणी ठेवलेल्या, एकत्र चालणाऱ्या वाय-फायच्या पेट्या, प्रत्येक पेटी म्हणजे एक नोड) बसवला आणि तेव्हापासून ओपनर (दार वरखाली करणारं यंत्र) ॲपवर रोज, विशेषतः संध्याकाळी, ऑफलाइन दिसतो. रिमोट आणि भिंतीवरचं बटण मात्र व्यवस्थित चालतं. दुरुस्तीला आलेला माणूस म्हणतो, ओपनर जुना झालाय, नवा घ्या.

आत्ताच नवा घेऊ नका. बटणावर दार नीट वरखाली होतंय म्हणजे मोटर धडधाकट आहे. नवा आणलात तरी तो त्याच छताला टांगला जाणार, त्याच नेटवर्कला जोडला जाणार, आणि बहुतेक तसाच तुटणार. मीही बे एरियातच राहते. ओळखीच्या घरांमधून ही तक्रार नेहमी कानावर येते, आणि बघायला गेलं की दुखणं बहुतेक वेळा राउटरच्या सेटिंगमध्ये नाहीतर भिंतीत निघतं.

आधी एक गैरसमज दूर करते. रिमोट चालतो म्हणजे सिग्नल चांगला आहे, असं अजिबात नाही. अमेरिकेतले रिमोट साधारण 310, 315 किंवा 390 मेगाहर्ट्झवर थेट ओपनरशी बोलतात. वाय-फायचा तिथे काही संबंध येत नाही. ओपनरमधून बारीक वायर लोंबत असते तीसुद्धा रिमोटची अँटेना, त्यामुळे ती सरळ करून वाय-फाय सुधारणार नाही.

पहिलं काम म्हणजे ॲप ऑफलाइन दाखवत असताना गॅरेजमध्ये जाऊन ओपनरवरचा वाय-फायचा दिवा बघणं. चेंबरलेन किंवा लिफ्टमास्टरचा वाय-फायवाला ओपनर असेल तर निळा आणि हिरवा दोन्ही लुकलुकत असताना तो राउटर शोधत असतो. नुसता हिरवा लुकलुकत असेल तर राउटर मिळालाय, पण कंपनीच्या सर्व्हरपर्यंत पोचता येत नाहीये. हिरवा स्थिर असेल तर ओपनरच्या बाजूने सगळं ठीक आहे, मग फोन, ॲप किंवा सर्व्हर तपासायचा. दुसऱ्या कंपनीचा असेल तर दिव्यांचा अर्थ पुस्तिकेत मिळेल. एवढं बघितलंत तरी निम्मी शोधाशोध वाचेल.

तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय मेशवर आहे, कारण तक्रार तिथूनच सुरू झाली. असे बहुतेक ओपनर वाय-फायच्या फक्त 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालतात. मेश मात्र 2.4, 5 आणि नवीन असेल तर 6 गिगाहर्ट्झ हे सगळं एकाच नावाखाली देतो आणि उपकरणांना या पट्ट्यातून त्या पट्ट्यात, या नोडवरून त्या नोडवर ढकलत राहतो. फोनला याचा फायदा होतो. ओपनरमधल्या जुन्या चिपला ही ढकलाढकल झेपत नाही आणि ती जोडणी सोडून देते. त्यात 6 गिगाहर्ट्झला डब्ल्यूपीए3 ही वाय-फायची नवी सुरक्षा पद्धत (डब्ल्यूपीए2 ही तिच्या आधीची) सक्तीची असल्यामुळे नवे राउटर डब्ल्यूपीए2 आणि 3 असं मिश्र सेटिंग ठेवतात, तिथेही जुनी उपकरणं अडखळतात.

उपाय सोपा आहे. मेशच्या ॲपमध्ये घरगुती उपकरणांसाठी वेगळं नेटवर्क करता येतं का ते बघा, काही ठिकाणी त्याला आयओटी नेटवर्क म्हणतात. ते फक्त 2.4 वर आणि नुसत्या डब्ल्यूपीए2 वर ठेवा. ही सोय नसेल तर गेस्ट नेटवर्कही चालतं, कारण बहुतेक ओपनर कंपनीच्या सर्व्हरमार्फतच फोनशी बोलतात, दोघं एकाच नेटवर्कवर असायची गरज नसते. फास्ट रोमिंगसारखं (उपकरणाला एका नोडवरून दुसऱ्यावर झटपट नेणारं) काही सुरू असेल तर बंद करा. ओपनरला एकाच नोडशी बांधून ठेवायची सोय असेल तर ती जरूर वापरा. 2.4 च्या पट्ट्यातल्या चॅनेल 1, 6 किंवा 11 पैकी एक पक्का करा आणि रुंदी 20 मेगाहर्ट्झ ठेवा. संध्याकाळी शेजारपाजारची सगळी घरं एकदम ऑनलाइन येतात, तेव्हा 2.4 च्या पट्ट्यात गर्दी होते. आणि हो, नेटवर्कला हौसेने देवनागरीत नाव दिलं असेल, ‘आमचा वाडा’ वगैरे, तर या वेगळ्या नेटवर्कला तरी साधं रोमन अक्षरांतलं नाव द्या. काही उपकरणांना देवनागरी नाव वाचता येत नाही.

आता भिंतींकडे येऊ, कारण कॅलिफोर्नियात हा विषय फार महत्त्वाचा आहे. इथल्या बहुतेक घरांना बाहेरून स्टकोचा गिलावा असतो आणि त्या गिलाव्याच्या आत तारेची जाळी असते. 2.4 गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटरची, आणि जाळीची भोकं त्यापेक्षा कितीतरी लहान. लहर त्यातून पार होताना जवळजवळ मरते. घर आणि गॅरेज यांच्यामधली आतली भिंत सहसा नुसत्या ड्रायवॉलची (जिप्समच्या पातळ फळ्यांची) असते, तिथून सिग्नल बऱ्यापैकी जातो. म्हणून नोड ‘गॅरेजच्या जवळ’ असून भागत नाही, त्या दोघांच्या मधे कोणती भिंत येते ते बघायला हवं. गॅरेज पुढे आलेलं असेल आणि नोड दर्शनी खोलीत खिडकीशी ठेवला असेल, तर सरळ रेषेत मधे स्टकोच्या दोन भिंती येऊ शकतात. तोच नोड गॅरेजला चिकटून असलेल्या लाँड्रीत किंवा पॅसेजमध्ये आणलात तर चित्र बदलतं. चंदेरी फॉइल लावलेलं इन्सुलेशन, वॉटर हीटर, दुसरा फ्रिज, तांदळाच्या गोण्या आणि गणपतीच्या मखराचे खोके रचलेली लोखंडी रॅक यांचाही विचार करा. तांदूळ आणि मखराचा फारसा त्रास नाही, लोखंडाचा आहे.

दाराचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बंद असताना दार उभं असतं. उघडलं की तोच मोठा पत्रा छताखाली आडवा होऊन ओपनरच्या तोंडापर्यंत येतो. सिग्नल त्या बाजूने येत असेल तर अडतो. संध्याकाळी मुलं खेळतात म्हणून दार बराच वेळ उघडं राहतं का? तसं असेल तर तुमच्या संध्याकाळच्या तक्रारीचं कारण हेच असू शकतं. तपासायला अँड्रॉइड फोनवर सिग्नल मोजणारं एखादं ॲप घ्या, फोन 2.4 च्या नेटवर्कला जोडा आणि घडीच्या शिडीवर चढून फोन अगदी ओपनरला लावून धरा. शिडी कोणाला तरी धरायला सांगा, आणि दार हलत असताना वर चढू नका. आकडा एकदा दार बंद ठेवून बघा, एकदा उघडं ठेवून. हा आकडा उणे असतो (डीबीएममध्ये), शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. उणे 65 च्या आसपास असेल तर छान. उणे 75 च्या खाली घसरत असेल तर सेटिंगमध्ये कितीही खटपट केलीत तरी ओपनर तुटत राहणार, नोडच हलवायला हवा.

ॲप ऑनलाइन दाखवतं पण दार बंद व्हायला नकार देतं, असं होत असेल तर ते वाय-फायचं दुखणं नाही. जमिनीपासून वीतभर उंचीवर दोन्ही बाजूंना सेन्सर असतात. 1993 पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या घरगुती ओपनरना अशी सुरक्षेची सोय सक्तीची आहे. एखादा सेन्सर वाकडा झाला किंवा त्यावर कोळ्याचं जाळं धरलं की ॲप दार बंद करत नाही. पश्चिमेकडे तोंड असलेल्या गॅरेजात संध्याकाळचं तिरपं ऊन थेट सेन्सरच्या डोळ्यात जाऊनही असं होतं.

सगळं करून ओपनर नव्या नेटवर्कला पुन्हा जोडायची वेळ आली तर एक काळजी घ्या. ‘लर्न’ लिहिलेलं बटण दाबून धरू नका. बऱ्याच ओपनरमध्ये ते साधारण सहा सेकंद दाबलं की सगळे रिमोट आणि बाहेरचा कीपॅड पुसला जातो, आणि मग गाड्यांमधल्या बटणांपासून सगळं नव्याने जोडत बसावं लागतं. फक्त वाय-फाय पुसण्याची रीत वेगळी असते, ती पुस्तिकेत मॉडेलप्रमाणे दिलेली असते. जोडताना फोनवरचं व्हीपीएन बंद ठेवा. आयफोन असेल तर ॲपला लोकल नेटवर्कची परवानगी आहे ना ते बघा.

राहता राहिली वीज. 2017 च्या वणव्यांत वीज गेली आणि अनेकांना गॅरेजची दारं उघडता आली नाहीत. त्यानंतर कॅलिफोर्नियाने कायदा केला आणि 1 जुलै 2019 पासून इथे विकले जाणारे घरगुती ओपनर बॅटरीसकटच असावे लागतात. तुमच्याकडे बॅटरी असेल तर वीज गेल्यावरही रिमोटने दार उघडेल, पण राउटर बंद असल्यामुळे ॲप ऑफलाइनच दाखवणार. तेव्हा ती बिघाडाची खूण समजू नका. ॲपवरच अवलंबून असाल तर मोडेम आणि राउटरला एक छोटा यूपीएस लावा. घरात सासू-सासरे किंवा आई-बाबा आले असतील तर त्यांना ओपनरच्या रुळावरून लोंबणारी, दार मोटरपासून सुटं करणारी लाल दोरी आजच दाखवून ठेवा. दार पूर्ण खाली असताना ती ओढायची आणि मग दार हाताने उचलायचं. दार वर असताना दोरी ओढली आणि स्प्रिंग तुटलेली असली तर दार धाडकन खाली येतं, हेही त्यांना सांगा.