१६ सामने जिंकूनही टोरोंटो आर्गोनॉट्स २०२३ मध्ये ग्रे कपच्या अंतिम सामन्यापर्यंत का पोहोचले नाहीत? तो हंगाम अपयशी म्हणायचा का?

उत्तर:

अपयशी मी म्हणणार नाही. पण "नशीब आडवं आलं" हेही मला पटत नाही. मी मिसिसागाला राहतो. त्या वर्षी आर्गोनॉट्सचे टोरोंटोतले बहुतेक सामने मी मैदानात बसून पाहिले, ज्या सामन्यात ते बाहेर पडले तोसुद्धा.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आर्गोनॉट्स हा कॅनेडियन फुटबॉल लीगमधला टोरोंटोचा संघ, आणि ग्रे कप म्हणजे त्या लीगचा करंडक; अंतिम सामन्यालाही तेच नाव. कॅनेडियन फुटबॉल हा अमेरिकन फुटबॉलचा सख्खा भाऊ. मैदान ११० यार्डांचं, एका बाजूला १२ खेळाडू, आणि दहा यार्ड पुढे सरकायला अमेरिकेत चार संधी मिळतात तिथे इथे तीनच. तिसऱ्या संधीला बहुतेक वेळा चेंडू लाथेने लांब उडवून द्यावा लागतो (याला पंट म्हणतात), म्हणजे हातात खऱ्या अर्थाने दोनच. त्यामुळे इथे एक चूक फार महागात पडते. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

२०२३ हे आर्गोनॉट्सचं १५० वं वर्ष. १८७३ मध्ये एका नौकानयन क्लबातून हा संघ निघाला. आदल्या वर्षी त्यांनी रेजायना शहरात विनिपेगच्या संघाला २४-२३ असं एका गुणाने हरवून ग्रे कप जिंकला होता. त्या सामन्यात मुख्य क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चाल रचणारा खेळाडू) जखमी झाला आणि ऐनवेळी बदली म्हणून चॅड केली आला. हा तोच केली, ज्याला २०१७ मध्ये एनएफएल या अमेरिकन लीगच्या खेळाडू-निवडीत डेन्व्हरने सर्वांत शेवटच्या, २५३ व्या क्रमांकावर उचललं होतं. २०२३ मध्ये संघ पूर्णपणे त्याच्या हाती सोपवला, तेव्हा शंका घेणारे पुष्कळ होते.

संघाने पहिले सहाच्या सहा सामने जिंकले. त्यातला सस्कॅचवनविरुद्धचा सामना तर हॅलिफॅक्सला, समुद्रकाठच्या त्या छोट्या मैदानात झाला. ऑगस्टमध्ये कॅलगरीत एक हार, सप्टेंबरअखेर विनिपेगमध्ये दुसरी, बस्स. घरच्या मैदानावर एकही नाही. साखळीत १६ विजय हा लीगचा विक्रम, आणि तो आजवर फक्त दोनच संघांना जमलाय.

त्या संघातला माझा सगळ्यांत आवडता खेळाडू केली नव्हता, क्वॉन्टेझ स्टिगर्स होता. हा अटलांटाचा मुलगा कॉलेजच्या संघातून एकही सामना खेळला नव्हता. २०२० मध्ये वडील अपघातानंतर गेले, तो खचला, कॉलेज सुटलं. आईने त्याचं नाव एका छोट्या, प्रेक्षकांच्या मतांवर चालणाऱ्या लीगमध्ये घातलं आणि तिथून तो टोरोंटोला आला. बचावफळीच्या मागच्या भागात उभा राहून, हात मागे घेऊन समोरच्या धावपटूच्या कंबरेकडे बघत तो उलट्या पावलांनी असा काही सरकायचा की चेंडू दुसरीकडे असला तरी माझी नजर त्याच्यावरच. त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित तोच ठरला आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्क जेट्सने त्याला निवडलं. हंगामाचा हिशोब मांडताना हेही धरायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. माझ्या मते हा हंगाम ११ नोव्हेंबरला, म्हणजे ते बाहेर पडले त्या दिवशी नाही, १५ सप्टेंबरला निसटला.

त्या रात्री आर्गोनॉट्सनी मॉन्ट्रियलमध्ये तिथल्या अलुएट्सना २३-२० असं हरवलं. बारा सामन्यांत अकरावा विजय, आणि पूर्व विभागातलं पहिलं स्थान पक्कं. म्हणजे एक बाद फेरी न खेळता थेट ईस्ट फायनल (पूर्व विभागाचा अंतिम सामना, जिंकणारा ग्रे कपला जातो), तीही घरच्या मैदानावर. सगळे खूश होतो. पण त्यानंतरचे सहा सामने जिंकले काय, हरले काय, स्थान बदलणार नव्हतं. प्रशिक्षक रायन डिनविडी यांनी मुख्य खेळाडूंना आलटून पालटून विश्रांती दिली. मला त्यात चूक दिसत नाही, कारण हा खेळ अंग मोडून टाकतो आणि क्वार्टरबॅक जायबंदी झाला असता तर आपणच त्यांना धारेवर धरलं असतं. तरीही १५ सप्टेंबर ते ११ नोव्हेंबर म्हणजे ५७ दिवस. एवढे दिवस या संघासमोर हरला तर संपला असा एकही सामना आला नाही.

क्वार्टरबॅक चेंडू फेकतो तो धावणारा गडी वळायच्या आधीच. कुठल्या पावलाला तो वळेल हे दोघांच्या अंगात मुरलेलं असावं लागतं. अर्ध्या सेकंदाचा फरक पडला की चेंडू आपल्या माणसाऐवजी समोरच्याच्या हातात. सराव कितीही करा, जीव खाऊन खेळणाऱ्या प्रतिस्पर्ध्यासमोर ते वेगळंच असतं.

आणि मॉन्ट्रियल? त्यांना मार्चपर्यंत धड मालक नव्हता. लीगनेच संघ ताब्यात घेतला होता, मग पियेर कार्ल पेलादो यांनी तो विकत घेतला. प्रशिक्षक जेसन मास नवे, क्वार्टरबॅक कोडी फहार्डो सस्कॅचवनने सोडून दिलेला. साखळीत आर्गोनॉट्सनी त्यांना तीनदा गाठलं आणि तिन्ही वेळा हरवलं. पण १५ सप्टेंबरची ती तीन गुणांची हार त्यांची त्या वर्षीची शेवटची हार होती. पुढचे पाचही साखळी सामने त्यांनी जिंकले, मग हॅमिल्टनला बाहेर काढलं आणि तापलेल्या अवस्थेत टोरोंटोला आले.

तो शनिवार होता, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशीचा. घरी चकल्या तळणं चाललं होतं. बायकोने डबा भरून दिला आणि मी पोर्ट क्रेडिटहून गो ट्रेन पकडून एक्झिबिशन स्टेशनला उतरलो. तळ्यावरून बोचरा वारा येत होता. माझ्या शेजारच्या खुर्चीवर नेहमीचे आजोबा होते. ते प्रत्येक सामना शाळेच्या वहीत पेन्सिलीने उतरवून घेतात.

अलुएट्सचा मार्क-आंत्वान डेक्वा हा मॉन्ट्रियलचाच, तिथल्याच विद्यापीठात खेळलेला मुलगा. केलीने फेकलेला चेंडू त्याने आपल्या गोलरेषेपासून जेमतेम नऊ यार्डांवर पकडला आणि सुटला. १०१ यार्ड. आधी मैदानभर ओरडा, मग लोक उभे राहिले, मग अर्ध्या वाटेवर तो आवाज असा खाली बसला की आमच्या रांगेतल्या एका लहान मुलाचं "काय झालं?" सगळ्यांना ऐकू गेलं. आजोबांची पेन्सिल कागदावर टेकलेली होती, हलत नव्हती.

केलीचे चार चेंडू त्या दुपारी समोरच्यांनी पकडले, दोन थेट टचडाउनपर्यंत, म्हणजे समोरच्या गोलरेषेपलीकडे नेले. अख्ख्या साखळीत मिळून त्याचे असे बाराच गेले होते. सगळं धरून आर्गोनॉट्सनी नऊ वेळा चेंडू गमावला. तीन संधींच्या खेळात नऊ वेळा चेंडू देऊन कोणी जिंकत नाही. ३८-१७. परतताना फलाटावर मी डबा उघडून आजोबांपुढे धरला. त्यांनी एक चकली घेतली, म्हणाले काही नाही.

पाचच दिवसांनी नायगारा फॉल्सला लीगचे पुरस्कार झाले. सर्वोत्तम खेळाडू केली, सर्वोत्तम लाइनमन (पुढच्या फळीतला गडी) डेजॉन ॲलन, स्पेशल टीम्समध्ये (लाथेच्या खेळींसाठीच्या तुकडीत) पंट परतवून चार टचडाउन करणारा जेव्हॉन लीक, नवोदित स्टिगर्स, प्रशिक्षक डिनविडी. सगळे टोरोंटोचे. त्या आठवड्यात ते टीव्हीवर बघणं फार जड गेलं.

आणि १९ नोव्हेंबर तर मी विसरूच शकत नाही. पहाटे साडेतीनला उठून अहमदाबादचा विश्वचषक अंतिम सामना लावला. ओळीने दहा सामने जिंकलेला भारत ऑस्ट्रेलियासमोर हरला. त्याच संध्याकाळी हॅमिल्टनला ग्रे कप. १३ सेकंद उरलेले असताना फहार्डोने टायसन फिलपॉटला १९ यार्डांवरून टचडाउनचा चेंडू दिला आणि मॉन्ट्रियल २८-२४ ने जिंकलं. आठ दिवसांत माझे दोन्ही सर्वांत भारी संघ गेले. मुंबईला भावाला फोन केला, दोघंही बराच वेळ गप्प होतो.

या लीगमध्ये हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. १६ विजयांचा तो विक्रम आधी एडमंटनचा, १९८९ चा. तेही घरच्या मैदानावर विभागीय फायनलमध्ये नऊ जिंकून नऊ हरलेल्या सस्कॅचवनकडून ३२-२१ ने हरले, आणि सस्कॅचवनने पुढे कप नेला. २०१६ मध्ये फक्त दोन सामने हरलेलं कॅलगरी अंतिम सामन्यात ओटावाकडून जादा वेळेत हरलं.

२०२४ मध्ये आर्गोनॉट्स १० जिंकले, ८ हरले. ईस्ट फायनल मॉन्ट्रियलमध्ये, ३०-२८ ने जिंकली, पण त्याच सामन्यात केलीचा पाय मोडला. मग निक आर्बकलने व्हँकूव्हरला विनिपेगविरुद्ध ४१-२४ ने कप जिंकून दिला. मी नाचलो. पण दोन्हींतला चांगला संघ कुठला असं विचाराल तर मी २०२३ चाच सांगेन, आणि आजोबाही तेच सांगतात.

जुने सामने शोधून पाहणार असाल तर आधी १५ सप्टेंबरचा पाहा. शेवटच्या मिनिटांत हरणाऱ्या मॉन्ट्रियलच्या बाकाकडे लक्ष ठेवा. मग ११ नोव्हेंबरचा लावा.