मुष्टिफंड: मूठ कसली आणि फंड कुठला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पणजीतल्या मुष्टिफंड शाळेच्या नावातली मूठ म्हणजे घोषणा देताना वर जाते ती आवळलेली मूठ का? पोर्तुगिजांविरुद्धच्या लढ्याशी तिचा काही संबंध? लिहायचं मुष्टिफंड की मुष्टीफंड? आणि हल्ली ज्याला क्राउडफंडिंग म्हणतात त्याला हा जुना शब्द चालवावा का?

पहिल्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असं आहे. ही मूठ तांदळाची आहे. भाताचं आधण ठेवलं की घरातली बाई रोजच्या मापानं तांदूळ काढायची आणि धुवायला घेण्याआधी त्यातलीच एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकायची. ठरल्या दिवशी कुणीतरी पोतं घेऊन दारात यायचं आणि मडकं रिकामं करून न्यायचं. जमलेले तांदूळ विकायचे, त्यातून मास्तरांचा पगार आणि शाळेचा खर्च चालवायचा. मुष्टिफंडाची रीत साधारण सगळीकडे अशीच. पणजीची संस्था १९०८ सालची, आणि तिचं नावही या रीतीवरूनच आलेलं.

हिशेब करून बघा. उकड्या तांदळाची मूठ पन्नास ग्रॅमची धरली, तर एका घराचे महिन्याला दीड किलो होतात आणि शंभर घरांचे दीड क्विंटल. घराला न जाणवणारी गोष्ट शाळेला जाणवायची ती अशी. आणखी एक गोष्ट या रीतीत आहे. रोकड पुरुषांच्या खिशात असायची, तांदळाचं माप मात्र बाईच्या हातात. त्यामुळे या फंडाची खरी वर्गणीदार स्वयंपाकघरातली बाई, आणि तिला स्वतःला बहुधा शाळेचं तोंडही बघायला मिळालेलं नसायचं. वर्गणीच्या पावत्यांवर नावं कर्त्या पुरुषांची येतात. इथं पावतीचाच प्रश्न नव्हता.

आता शब्द. मराठी मूठ ही संस्कृत मुष्टीचीच लेक, मग सरळ मूठफंड का नाही म्हटलं? माझा अंदाज असा की, आपल्या भाषेत मुठीला नको ते सोबती फार. मूठ मारली जाते ती करणी करताना, आणि मूठमाती देतात ती मेलेल्याला. शाळेच्या पाटीवर यातलं काहीच शोभलं नसतं. (तसं मुष्टिमोदकही शाळेत भरपूर मिळत, पण ते निराळे.) पसा हाही छान शब्द, पण पसाफंड म्हटल्यावर निम्म्या लोकांनी पैसाफंड ऐकलं असतं. जाता जाता, पसायदानातल्या ‘पसाय’चा या पशाशी काही संबंध नाही. तो ‘प्रसाद’चा अपभ्रंश आहे, तरी दरवर्षी कुणीतरी हात पसरून तो समजावून सांगतंच.

मूठभर धान्य देणं आपल्याला नवीन नव्हतं. शिजवलेलं अन्न मागायचं ती माधुकरी, कोरडं धान्य मागायचं ते कोरान्न. गरीब विद्यार्थी पिढ्यान् पिढ्या माधुकरीवर शिकले. मुष्टिफंडानं एवढंच केलं की कोरान्न एका विद्यार्थ्याच्या झोळीत न जाता शाळेच्या पोत्यात जाऊ लागलं. मागणारी झाली संस्था, आणि भिक्षेची झाली वर्गणी.

मला जास्त गंमत वाटते ती शब्दाच्या उत्तरार्धाची. १९०८ साली पणजीत राज्य पोर्तुगिजांचं, सरकारी कागद पोर्तुगीजमध्ये, आणि शाळेचं नाव मात्र संस्कृत अधिक इंग्रजी! इथली सरकारी शाळा इस्कोल, माध्यमिक शिक्षण घ्यायचं ते लिसेंवात, चर्चच्या शाळेत गाणं शिकवणारा तो मेस्त. सगळे शब्द पोर्तुगीज. त्या भाषेतला फंडाचा भाऊ ‘फुंदु’. मग मुष्टिफुंद का झालं नाही? कारण ही कल्पना लिस्बनहून आली नाही, ती घाटापलीकडून, मुंबई-पुण्याच्या मराठीतून आली. शाळा, मास्तर, इयत्ता, संस्था, फंड हा सगळा संच तिकडचा. एकाच गावात शिक्षणाचे दोन शब्दसंग्रह नांदत होते, आणि घरातलं मूल कुठल्या शाळेत जातं ते त्याच्या तोंडच्या शब्दांवरून कळायचं.

घाटापलीकडे फंड हा शब्द शाळेच्याच वाटेनं खेड्यात पोचला होता. मुंबई इलाख्यात १८६० च्या दशकात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा जादा घेऊ लागले, तो लोकल फंड. त्याचा तिसरा हिस्सा शाळांना, बाकीचा रस्त्यांना. शेतकरी आणा भरायचा, पण शाळेत पोरं कुणाची बसायची हा प्रश्न होताच. १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनपुढे हेच मांडलं: महसूल कष्टकऱ्यांकडून येतो, आणि सरकारचं लक्ष वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे. प्राथमिक शिक्षण बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा, अशीही त्यांची मागणी होती. पुढे पैसाफंड आला. एकेक पैसा गोळा करून तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला, तोही १९०८ सालीच. साताऱ्याकडे भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांसाठी बाया जात्यावर बसताना मूठभर धान्य बाजूला काढत. तिथंही शब्द मुष्टिफंडच.

पोर्तुगिजांना शाळेसाठी पैसा उभारणं ठाऊक नव्हतं असं मात्र नाही. युरोपात सरकारी खर्चाच्या शाळा सुरू करणाऱ्या पहिल्या काही देशांत पोर्तुगाल येतो. शाळा चालवणाऱ्या जेझुइट पाद्र्यांना १७५९ मध्ये हाकलल्यावर त्यांच्या शाळा बंद पडल्या, आणि १७७२ मध्ये पोर्तुगालचा तेव्हाचा मुख्य मंत्री पोंबाल यानं मास्तरांच्या पगारासाठी देशात आणि वसाहतींत एक खास कर बसवला: सुब्सीदियु लितेरारियु. नाव वाङ्‌मयीन, वसुली वाइन, दारू आणि मांस यांवर. म्हणजे अक्षरओळखीचा खर्च पिणाऱ्यांकडून! गोव्यात पुढे १८४२ मध्ये मेडिकल स्कूल आणि १८५४ मध्ये लिसेंव निघालं. मुंबईकडे ज्याच्यावर शिक्षणखातं उभं राहिलं तो वुडचा खलिताही १८५४ चाच. पण लिसेंव पोर्तुगीज येणाऱ्यांसाठी. मराठीतून शिकायचं तर खर्च बहुधा ज्याचा त्यानं बघायचा, आणि १९१० चं प्रजासत्ताक यायच्या दोन वर्षं आधी पणजीकरांनी तो मुठीनं बघितला.

त्याच सुमारास बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण राज्यभर सक्तीचं केलं होतं. गोखल्यांनी १९११ मध्ये तसंच विधेयक कलकत्त्याच्या कौन्सिलात आणलं, ते पुढच्या वर्षी पडलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये ते करून दाखवलं. गोव्याला गावोगावच्या सरकारी मराठी शाळांसाठीच मुक्तीची वाट बघावी लागली. डिसेंबर १९६३ मध्ये भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि सरकारी मराठी प्राथमिक शाळा गावोगाव, वाड्यावाड्यांवर निघाल्या. मास्तरांचा पगार तिजोरीतून येऊ लागला आणि तांदळाच्या मडक्याचं काम संपलं.

शुद्धलेखनाचं उत्तर सोपं आहे. सुटा शब्द मुष्टी, समासात पहिला आला की मुष्टि: बुद्धी पण बुद्धिमान, कवी पण कविराज. दुसरं पद इंग्रजी असल्यानं नियम बदलत नाही. बुद्धिबळातलं बळही संस्कृत रूपातलं नाही, तरी आपण ‘द्धि’ ऱ्हस्वच लिहितो. म्हणून मुष्टिफंड. मुष्टीफंड लिहिलं म्हणून कुणी छडी मारणार नाही, पण संस्थेचं नाव तिच्या पाटीवर असेल तसंच लिहावं.

राहिलं क्राउडफंडिंग. त्याला मुष्टिफंड म्हणू नये असं माझं मत. तिथं माणूस एकदा पैसे पाठवतो आणि मोकळा होतो. त्याला लोकवर्गणी हा चांगला रुळलेला शब्द आहे, तोच वापरावा. मुष्टिफंडाला रोजची मूठ लागते, ती पैशाची नाही तर वस्तूची, आणि घरात शिजणाऱ्यातूनच काढलेली. एखाद्या सोसायटीनं दर महिन्याच्या वाणसामानातून किलोभर डाळ अंगणवाडीसाठी बाजूला काढायचं ठरवलं, तर त्याला मात्र हा शब्द बिनदिक्कत द्या.