वाचकांचे प्रश्न : गार्सिया कोण, कुठले?

प्रश्न : नोबेल पारितोषिक मिळालेले कोलंबियाचे कादंबरीकार गॅब्रिएल गार्सिया मार्केझ यांना आपल्याकडे सर्रास ‘मार्केझ’ म्हणतात, आमच्या ग्रंथालयाच्या सूचीत मात्र त्यांची पुस्तके ‘ग’ या अक्षराखाली लावलेली आहेत. गार्सिया हे त्यांचे मधले नाव की आडनाव? त्याचा अर्थ काय आणि ते इतके जागोजागी का आढळते? पणजीच्या उद्यानाला ज्यांचे नाव दिले आहे ते गार्सिया द ओर्ता याच घराण्यातले का?
– एक वाचक, वसई

उत्तर : ग्रंथालयाची सूची बरोबर आहे. स्पॅनिश पद्धतीत प्रत्येक व्यक्तीला दोन आडनावे असतात, परंपरेने आधी वडिलांकडचे आणि मग आईकडचे, आणि लग्न झाल्यावरही स्त्रीची आडनावे बदलत नाहीत. या कादंबरीकारांच्या वडिलांचे आडनाव गार्सिया आणि आईचे मार्केझ, म्हणून ‘गार्सिया मार्केझ’ ही जोडी न तोडता घ्यायची असते. नुसते ‘मार्केझ’ म्हणणे म्हणजे त्यांना आजोळच्या नावाने ओळखणे होय. कवी फेदेरिको गार्सिया लोर्का यांच्या बाबतीत मात्र खुद्द स्पेनमध्येही ‘लोर्का’ एवढेच म्हणण्याचा प्रघात आहे. वडिलांचे आडनाव गल्लोगल्ली आढळणारे असले की आईचे, तुलनेने दुर्मीळ असलेले आडनाव ओळखीसाठी सोयीचे ठरते, आणि गार्सियाइतके गल्लोगल्ली आढळणारे आडनाव स्पेनमध्ये दुसरे नाही.

गार्सिया हे मुळात आडनाव नव्हतेच. ते व्यक्तीचे नाव होते. नवव्या शतकात उत्तर स्पेनमधील पाम्प्लोना येथे, म्हणजे पुढे नवार म्हणून ओळखल्या गेलेल्या राज्यात, गार्सिया इन्यिगेझ नावाचा राजा होऊन गेला. इन्यिगो या राजाचा मुलगा गार्सिया, असा त्याच्या नावाचा सरळ अर्थ. त्या काळी दुसरे नाव वंशाचे नसून बापाचे असे आणि म्हणून ते दर पिढीत बदले. याचे उत्तम उदाहरण स्पेनमधील कास्तील या प्रांताच्या काउंटांच्या, म्हणजे तिथल्या सरदार-शासकांच्या, वंशावळीत सापडते. गोन्सालो फर्नांडेझचा मुलगा फर्नान गोन्सालेझ, तो इ. स. ९७० मध्ये वारला आणि त्याचा मुलगा गार्सिया फर्नांडेझ गादीवर आला. त्याचा मुलगा सान्चो गार्सिया. आणि त्याचा मुलगा गार्सिया सान्चेझ, ज्याची १०२९ मध्ये लेओन येथे हत्या झाली. ही पाच पिढ्यांची एकच रक्तरेषा आहे, पण आजच्या नजरेने पाहणाऱ्याला त्यात चार वेगवेगळी आडनावे दिसतील.

याच वंशावळीत आणखी एक गोष्ट लक्षात येते. फर्नान्दोचा तो फर्नांडेझ, सान्चोचा तो सान्चेझ, असा ‘एझ’ प्रत्यय लागत असताना गार्सियाचा मुलगा सान्चो हा मात्र नुसताच ‘सान्चो गार्सिया’ झाला. गार्सियापासून ‘गार्सेस’ असे प्रत्यय लागलेले रूप तयार झाले होते आणि ते आडनाव आजही टिकून आहे. पण बापाचे नाव जसेच्या तसे पुढे जोडण्याची रीत या नावाच्या बाबतीत अधिक रुळली. म्हणूनच स्पेनच्या आडनावांच्या यादीत गार्सियाच्या पाठोपाठ रॉड्रिगेझ, गोन्सालेझ, फर्नांडेझ, लोपेझ, मार्तिनेझ अशी ‘एझ’कारान्त नावांची रांग लागते, आणि अग्रस्थानी मात्र प्रत्यय नसलेले गार्सिया उभे असते. मध्ययुगाच्या उत्तरार्धात ही पितृनामे हळूहळू गोठली आणि पिढ्यान्‌पिढ्या तीच चालू लागली. ज्या ज्या घरात त्या सुमारास एखादा गार्सिया नावाचा पूर्वज होता, त्या त्या घराला हे आडनाव चिकटले. अशी घरे हजारो असणार, म्हणून ‘गार्सिया घराणे’ असे काही एक घराणे नाही. या आडनावाचे ‘कुलचिन्ह’ चौकटीत घालून विकणारे दुकानदार ही गोष्ट गिऱ्हाइकाला सांगत नाहीत, एवढेच.

आता अर्थ. हे नाव लॅटिनमधून आलेले नाही. ते उत्तर स्पेन आणि नैर्ऋत्य फ्रान्समध्ये बोलल्या जाणाऱ्या बास्क भाषेच्या मुलखातले असावे, याबद्दल बहुतेक अभ्यासकांचे एकमत आहे. बास्कमध्ये ‘हार्त्स’ म्हणजे अस्वल, आणि गार्सियाचे मूळ याच शब्दात आहे ही व्युत्पत्ती सर्वांत लोकप्रिय आहे. पशूंची नावे माणसांना ठेवण्याची तिकडे रीतच होती : ओचोआ हे आडनाव बास्कमधील लांडग्याच्या नावावरून आले आहे आणि लोपेझमधील ‘लोपे’चा संबंधही लॅटिनमधील लांडग्याशी लावतात. अडचण एवढीच की अस्वलाच्या शब्दात आरंभीचा ‘ग’ नाही आणि तो कुठून आला याचे पटेल असे उत्तर मिळत नाही. दुसरे मत असे की ‘तरुण’ या अर्थाच्या ‘गास्ते’ या बास्क शब्दाच्या जुन्या रूपापासून हे नाव निघाले. तेथे ‘ग’ मिळतो, पण जुन्या दस्तऐवजांत ‘गार्सेआ’ असे ‘र’सहित लिहिलेले रूप येते, त्या ‘र’चा हिशेब द्यावा लागतो. मला स्वतःला दुसरे मत कमी ओढाताणीचे वाटते; पण ‘गार्सिया म्हणजे अस्वल’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्या माहितीवर विश्वास ठेवू नये, इतकेच खात्रीने म्हणता येईल. उच्चाराविषयी म्हणाल तर स्पेनच्या बहुतेक भागात ‘गार्थिया’ आणि लॅटिन अमेरिकेत ‘गार्सिया’ असे म्हणतात.

गार्सिया द ओर्ता यांच्या नावात गार्सिया हे आडनाव नाही. ते त्यांचे स्वतःचे नाव आहे आणि ओर्ता हे आडनाव. पोर्तुगालमध्ये सोळाव्या शतकातही मुलांना गार्सिया असे नाव ठेवत असत. १५३८ मध्ये गोव्यात आलेला व्हाइसरॉय गार्सिया द नोरोन्या हाही त्यातलाच. ओर्ता यांचे आईवडील १४९२ मध्ये स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या ज्यूंपैकी होते. ते स्वतः वैद्य म्हणून १५३४ मध्ये गोव्याला आले, भारतातील औषधी वनस्पतींवरचा त्यांचा पोर्तुगीज ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला आणि मुंबई बेटाचा पट्टाही काही काळ त्यांच्याकडे होता. १५६८ मध्ये ते वारले. पुढे बारा वर्षांनी इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्यांच्या अस्थी उकरून जाळल्या.

प्रसाराबद्दल थोडक्यात. स्पेनमध्ये चौदा लाखांहून अधिक लोकांचे पहिले आडनाव गार्सिया आहे, म्हणजे शंभरात साधारण तीन. आणि आईवडील दोघेही गार्सिया असल्याने ‘गार्सिया गार्सिया’ असे लिहिणारे सत्तर हजारांच्या पुढे आहेत. अमेरिका खंडात वसाहतवाल्यांबरोबर हे आडनाव गेलेच, शिवाय बाप्तिस्मा घेतलेल्या मूळ रहिवाशांना आणि गुलामांना धर्मपित्यांची (गॉडफादरची) वा मालकांची आडनावे मिळत गेली. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत गार्सिया सहाव्या क्रमांकावर होते. फिलिपाईन्समध्ये स्पॅनिश गव्हर्नर-जनरल नार्सिसो क्लाव्हेरिया यांनी १८४९ मध्ये आडनावांची यादी करवून कुटुंबांना ठरावीक आडनावे घ्यायला लावली. तेथेही गार्सिया पुष्कळ आहेत, आणि १९५७ ते १९६१ या काळात देशाचे राष्ट्राध्यक्ष कार्लोस गार्सिया होते.

प्रश्न : आमचे आडनाव फर्नांडिस. स्पेनमधील फर्नांडेझ आणि आम्ही एकच का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : आडनावाची घडण एकच, रक्ताचे नाते मात्र त्यातून सिद्ध होत नाही. स्पॅनिशमधील ‘एझ’ तेच पोर्तुगीजमधील ‘एस’. त्यामुळे रॉड्रिगेझचे रॉड्रिग्स, गोमेझचे गोम्स, लोपेझचे लोपिस, पेरेझचे पिरिस असे जोड लागतात. गोव्यात आणि १५३४ ते १७३९ पोर्तुगीज अमलाखाली असलेल्या वसईत ही आडनावे बहुतेक वेळा बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याकडून किंवा पाद्रीकडून मिळाली. एकाच गावातील दोन फर्नांडिस कुटुंबांचेही मूळ वेगळे असू शकते. धर्मांतरापूर्वीचे आडनाव शोधायचे असल्यास चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदी आणि गावकरीचे (गावाच्या सामाईक जमिनीचा कारभार पाहणाऱ्या संस्थेचे) जुने दप्तर, या दोन ठिकाणी पाहावे.