चार वर्षांच्या मुलाला घेऊन शिडाच्या बोटीने अटलांटिक ओलांडता येईल का?

येईल. अनेक कुटुंबं ओलांडतात. कॅनरी बेटांहून कॅरिबियनकडे साधारण २७०० सागरी मैल, म्हणजे जवळपास तीन आठवडे. चक्रीवादळांचा मोसम नोव्हेंबरअखेर संपतो, त्यानंतर निघा. व्यापारी वारे पाठीमागून मिळतात.

खरी भीती आजारपणाची. २०१४ मध्ये 'रिबेल हार्ट' बोटीवर वर्षाची मुलगी आजारी पडली. मेक्सिकोच्या किनाऱ्यापासून ९०० मैलांवर विमानातून बचावपथकाला उड्या माराव्या लागल्या. मूल वाचलं, पण बोट बुडवावी लागली. म्हणून निघण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांकडून वजनानुसार औषधांचे डोस लिहून घ्या, आणि ओआरएस भरपूर ठेवा. बोट लागून उलट्या झाल्या की लहान मुलांच्या अंगातलं पाणी फार लवकर कमी होतं.

डेकवर मूल कायम हार्नेसने बांधलेलं हवं, समुद्र शांत असला तरीही. कठड्याला जाळी लावा, पण निव्वळ तिच्यावर भिस्त ठेवू नका.

आणि तिसरा मोठा माणूस सोबत घ्याच, असं माझं ठाम मत आहे. रात्रीचा पहारा आळीपाळीने दोघांनीच करायचा आणि दिवसभर मूलही सांभाळायचं, तर झोप कधी घेणार? आधी दोन-तीन रात्रींचा प्रवास करून पाहा.