पॅकअपनंतर मिळत नाही ते

विश्रामबाग, सांगली

चि. दिग्दर्शकबाईंस,

अनेक आशीर्वाद. पटकथा दोनदा वाचली. पहिल्यांदा रात्री एका बैठकीत, दुसऱ्यांदा लाल पेन घेऊन. बेदाण्याच्या शेडवर राबणाऱ्या तीन बायका, डोक्यावर अवकाळीची टांगती तलवार आणि त्यातल्या एकीच्या हाती आलेली हिशेबाची वही. गोष्ट पक्की आहे. तू तासगावच्या बाजूची, शेडवरच लहानाची मोठी झालीस, हे पानापानांत दिसतं. पटकथेतल्या खोड्या समोर बसून काढू. हे पत्र आहे ते तू मेलच्या शेवटी सहज विचारलेल्या एका वाक्यासाठी. ‘काका, प्रमोशनचं शूटिंग झाल्यावर बघितलं तर चालेल ना?’

नाही चालणार.

मी वीस वर्षं दुसऱ्यांच्या सिनेमांचा आवाज पकडला आणि मग मिरजेच्या एका सतारमेकरवर स्वतःचा एक सिनेमा केला, हे तुला माहीत आहे. बावीस दिवसांत शूटिंग उरकलं. पैसे वाचवायचे म्हणून स्टिल फोटोग्राफर घेतला नाही. पोरं मोबाईलवर फोटो काढतच होती, तेवढे पुरतील असं वाटलं. वर्षभरानं एका महोत्सवाचं निवडपत्र आलं आणि त्यांनी छापण्याजोगे चार फोटो मागितले. मोबाईलवरच्या फोटोंत कुठे माझी पाठ, कुठे वडापावची पिशवी. म्हटलं, सिनेमातूनच फ्रेम काढू. रात्रभर बसलो. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे साधारणपणे प्रत्येक फ्रेमसाठी शटर सेकंदाचा ४८वा भाग उघडं असतं. पडद्यावर हात कसा सुरेख सतारीवरून फिरतो! तोच थांबवला की पुसट फराटा. चेहरा बरा सापडला तर पापण्या अर्ध्या मिटलेल्या. शेवटी त्यांच्या पुस्तिकेत सिनेमाच्या फोटोपेक्षा माझा पासपोर्टवाला फोटो मोठा छापून आला. मिरजेत त्यावरून अजून हसतात.

म्हणून सांगतो, सगळे दिवस परवडत नसेल तर निदान पाच दिवस स्टिल्सवाला घे, आणि ते पाच दिवस तू निवड. घड बुडवायचा दिवस, बेदाणा झाडायचा दिवस, वहीचा प्रसंग. शॉट ओके झाला की ‘स्टिल्ससाठी थांबा’ हे तुझ्या सहायकानं न लाजता ओरडायला हवं. तीच मिनिटं पुढे पोस्टर होतात.

तुझ्या विषयात तर वेळेचा काच आणखी आहे. घड डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून जाळीवर पसरला की बारा-पंधरा दिवसांत बेदाणा होतो, हे मी तुला काय सांगावं! पण शेड्यूल करताना तूच ते विसरलीस. प्रसंग १२ आणि प्रसंग ३१ एकाच दिवशी लावलेत. पहिल्यात माल हिरवा आहे, दुसऱ्यात सुकत आलेला. ‘नंतर एक क्लोजअप घेऊ’ हे वाक्य तुझ्या सेटवर बंद. दोन रॅक शूटिंगसाठी वेगळे राख, आठ दिवसांच्या अंतरानं भर. मालकाचा माल अडकेल त्याचे पैसे आधीच बोल. आणि फेब्रुवारी-मार्च हुकला की वर्ष गेलं.

रोज पॅकअपआधी एक मिनिट सगळ्यांना गप्प बसवून रिकाम्या शेडचा आवाज घे. जाळीतून वारा वाहतो तो आवाज मुंबईच्या कुठल्याही साउंड लायब्ररीत मिळत नाही. हे मी धंद्याच्या प्रेमापोटी सांगतोय असं समज हवं तर.

आता बैल. तुझ्या पटकथेत शर्यतीची चार पानं आहेत. सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये शर्यतीचा कायदा उचलून धरला म्हणून कॅमेरा लावायची मोकळीक मिळाली असं नाही. प्राणी दाखवायचा तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी लागते आणि त्यांचं ना-हरकत पत्र सेन्सॉरला जाताना. माझ्या सिनेमात गल्लीतली एक शेळी होती. मी म्हटलं, शेळी कुणाच्या लक्षात येतेय. आली. अख्खा प्रसंग कापला आणि त्याच्यामागून येणारं गाणं लंगडं झालं. चूक माझीच. तुझी शर्यत मला विचारशील तर दाखवूच नकोस. बायका शेडमध्ये काम करतायत, लांबून हलगी आणि आरोळ्या येतायत, आणि कुणाचा नवरा गाडीवर आहे ते आपल्याला माहीत आहे. चार पानांचं एक पान होईल, खर्चही वाचेल. पण तो तुझा निर्णय. ठेवायची तर अर्ज आजच कर.

दुसरा कागद त्याहून मोठा. मूळ कथा तुझ्या शाळेतल्या बाईंची, आणि त्या ‘खुशाल कर गं’ म्हणाल्यात. त्यांचा शब्द सोन्याचा असेल, पण १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ सांगतं की हक्क लेखी आणि सहीनिशी हवेत. कागदावर मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. शिवाय मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो संपतो, कागदात तसं वेगळं ठरवलं नसेल तर. स्वतंत्र सिनेमाला वर्ष म्हणजे काहीच नाही. सिनेमा झाल्यावर परदेशातलं कुणी किंवा ओटीटीवालं कुणी पहिल्यांदा हाच कागद मागतं. वकिलाकडून मुदत, जग, भाषा, सगळं लिहून घे. बाईंना मानधन दे, नको म्हणाल्या तरी दे. शेडचा मालक, शेडवरच्या खऱ्या बायका, हलगीवाला, सगळ्यांच्या सह्या त्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीत. हंगाम संपला की त्या बायका कुठल्या गावी जातात तुला माहीत आहे. सही घ्यायला तू कुठे हिंडणार?

पैशाचं थोडक्यात. तुझ्या अंदाजपत्रकात शंभरातले ऐंशी रुपये शूटिंगला आहेत. सत्तरच्या वर जाऊ देऊ नकोस. संकलन, रंग, ध्वनिमिश्रण, सबटायटल्स, डीसीपी म्हणजे थिएटरात लावायची डिजिटल प्रत, सेन्सॉर, महोत्सवांच्या फिया, दर पडद्याला मोजायचे डिजिटल वितरणाचे पैसे, हे उरलेल्या तिसात मारूनमुटकून बसेल. ‘शासनाचं अनुदान आहेच’ असं तू लिहिलंयस. आहे, पण ते सिनेमा पुरा झाल्यावर, परीक्षण होऊन, अ किंवा ब दर्जा मिळाला तर. ते भांडवल नव्हे. त्याच्या भरवशावर महिना तीन टक्क्यांनी पैसे उचललेले लोक मी पाहिलेत. वर्षाचे छत्तीस टक्के होतात.

बागायतदारांकडून वर्गणी काढायची तुझी कल्पना मला आवडली आणि तिची भीतीही वाटली. ‘मंथन’साठी १९७६ मध्ये गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये दिले आणि मग आपला सिनेमा म्हणून ट्रक भरभरून बघायला गेले. त्यामागे अख्खा सहकारी संघ होता, तुझ्यामागे एक व्हॉट्सॲप गट आहे. पैसे मागशील तर पावती दे, ‘परतावा’ हा शब्द चुकूनही उच्चारू नकोस. मला विचारशील तर त्यांच्याकडे पैशाआधी तिकीट माग. सौद्याच्या दिवशी तासगाव मार्केटला जाऊन बस. शंभर व्यापारी-बागायतदारांचे नंबर, गावासकट, वहीत उतरव. बेदाण्यावरचा सिनेमा येतोय हे त्यांना शूटिंगच्या आधी कळू दे, घड बुडवतानाचा एक फोटो शूटिंग चालू असताना जाऊ दे. हेच तुझं प्रमोशन. पुण्या-मुंबईतली होर्डिंगं नव्हेत.

कारण थिएटरचं गणित निर्दयी आहे. शुक्रवार-शनिवारी खुर्च्या रिकाम्या दिसल्या की सोमवारी तुझा खेळ सकाळी दहाला जातो, आणि बुधवारी असतोच असं नाही. चाळीस ठिकाणी विखरून मरण्यापेक्षा सांगली, मिरज, तासगाव, विटा, पंढरपूर, नाशिक अशा द्राक्षाच्या पट्ट्यात दहा पडदे घे आणि पहिले तीन दिवस भर. पुसेगावच्या यात्रेत तंबूत सिनेमा बघितलेली पिढी अजून जिवंत आहे. ती लोकं ट्रेलर बघून येत नाहीत, कुणीतरी ‘चला’ म्हणालं की येतात.

महोत्सवांचं एवढंच लक्षात ठेव. मोठ्यांना प्रीमियर, म्हणजे पहिला खेळ, आपल्याकडेच हवा असतो, म्हणून कौतुकापोटी कुठल्याही छोट्या ठिकाणी आधी दाखवू नकोस, आणि यूट्यूबवर तर दहा मिनिटंही टाकू नकोस. रफ कट, म्हणजे कच्चं संकलन, झाला की नोव्हेंबरात गोव्याला भरणाऱ्या फिल्म बाजारसाठी आधीच अर्ज कर. तिथे अपुरे सिनेमे बघणारी माणसं येतात आणि खरं बोलतात. २०२५च्या जानेवारीत ‘साबर बोंडं’ या मराठी सिनेमानं अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांचं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळवलं तेव्हापासून प्रत्येकजण मला सनडान्सचा पत्ता विचारतो. फी भरून कुठेही अर्ज करता येतो. पाच नीट निवड, पन्नास नकोत.

सबटायटल्स मात्र दुसऱ्याच्या हाती एकदम सोपवू नकोस. माझ्या सिनेमात म्हातारा सतारीच्या घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस मारत ‘जवारी काढतोय’ म्हणतो, म्हणजे घोडी घासून सूर खुलवतोय. अनुवादकानं इंग्रजीत त्याला ज्वारी काढायला लावली. एका परदेशी बाईंनी खेळ संपल्यावर मला फार आपुलकीनं विचारलं, वाद्यात धान्य का भरतात? तुझ्याकडे ‘पेटी’ आहे. द्राक्षाच्या पेटीची हार्मोनियम होऊ देऊ नकोस.

येत्या रविवारी ये. शेड्यूल नव्यानं मांडून आण, बाईंशी करायच्या कराराचा मसुदा आण आणि ती शंभर नावांची वही, निदान वीस नावं भरलेली. पान ४७ वर सुनेचं जे भाषण आहे ते मी खोडलंय, रागावू नकोस, कारण सांगतो.

येताना बेदाणा आणू नकोस. डॉक्टरांनी बंद केलाय, आणि घरात आणला की मी खातो.

तुझा,
काका