अलाइनमेंटचा कागद वाचताना
अलाइनमेंटच्या, म्हणजे गाडीच्या चाकांचे कोन जुळवण्याच्या कामाच्या, छापील कागदावर कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत किंवा बाहेर कल), कॅस्टर (बाजूने पाहता चाक ज्या अक्षावर वळते त्याचा पुढे-मागे कल) आणि टो (वरून पाहता चाकाचे तोंड आत किंवा बाहेर वळलेले असणे) असे तीन कोन दिसतील. त्यांपैकी टायर सर्वांत लवकर खाणारा टो असल्यामुळे आपण आधी तोच पाहावा. ट्रेडवरून, म्हणजे टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीदार भागावरून, तळहात आडवा फिरवल्यास एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे खरखरीत लागले, तर टो बिघडला आहे असे बहुधा समजावे. कॅम्बर बिघडल्यास टायरची आतली किंवा बाहेरची कड झिजते. मात्र अनेक गाड्यांत तो मुळातच जुळवता येत नाही. टाय रॉडचे (चाक वळवणाऱ्या दांड्याचे) टोक किंवा बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा गोल सांधा) सैल असताना केलेली जुळवणी टिकत नाही, म्हणून हे सांधे व हवेचा दाब आधी तपासण्याचा आग्रह धरावा, कारागीर घाईत असला तरी.