विभाग नंतर, आधी एक अभ्यासक्रम

गोव्यातील महाविद्यालयांत कलेचा इतिहास हा विषय कसा सुरू करावा आणि सुरू झाल्यावर तो कसा टिकवावा, याविषयी या महिन्यात बरीच पत्रे आली. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून छापलेली नाहीत.

प्रश्न: मी एका महाविद्यालयात इतिहास शिकवते. आमच्या प्राचार्यांनी कला-इतिहासाचा स्वतंत्र विभाग सुरू करण्यासाठी आराखडा मागितला आहे. मी अल्तामिराच्या गुहाचित्रांपासून विसाव्या शतकातील युरोपीय चित्रकलेपर्यंतचा तीन वर्षांचा पाठ्यक्रम तयार केला आहे. तो पुढे पाठवण्यापूर्वी आपले मत हवे आहे. (अध्यापिका, डिचोली)

उत्तर: आपला पाठ्यक्रम वाचला. त्यामागचे कष्ट दिसतात. तरीही तो सध्या कपाटात ठेवावा, असे मी सुचवीन. ज्या महाविद्यालयात या विषयाचा एकही अभ्यासक्रम अजून शिकवला गेलेला नाही, तेथे विभागाची मागणी केली की चर्चा लगेच पदे, खोल्या आणि अनुदान यांच्याकडे वळते आणि विषय बाजूला पडतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतरच्या पदवी रचनेत यापेक्षा सोपी वाट आहे. त्या रचनेत प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःच्या मुख्य विषयाबाहेरचे तीन बहुविद्याशाखीय अभ्यासक्रम, प्रत्येकी तीन श्रेयांकांचे (क्रेडिटचे), घ्यावे लागतात. बारावीपर्यंत शिकलेला विषय तेथे पुन्हा घेता येत नाही, आणि कलेचा इतिहास बारावीपर्यंत आपल्याकडे जवळजवळ कोणीच शिकलेले नसते, त्यामुळे वाणिज्य आणि विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनाही तो खुला राहतो. असा एकच अभ्यासक्रम दोन वर्षे नीट चालवावा. त्यानंतर कौशल्याधारित अभ्यासक्रमाची जोड द्यावी आणि मागणी टिकली तर चोवीस श्रेयांकांच्या गौण (मायनर) विषयाचा, म्हणजे चार-चार श्रेयांकांच्या सहा अभ्यासक्रमांचा, प्रस्ताव तयार करावा. विभागाचा प्रश्न त्याच्याही पुढचा आहे.

तीन श्रेयांकांपैकी दोन व्याख्यानांचे आणि एक क्षेत्रकार्याचा ठेवावा. व्याख्यानाचा श्रेयांक पंधरा तासांचा आणि क्षेत्रकार्याचा तीस तासांचा धरला जात असल्याने, या मांडणीत आपल्याला पंचेचाळीसऐवजी साठ तास मिळतात आणि त्यांतील निम्मे तास विद्यार्थी प्रत्यक्ष वस्तूंसमोर असतात. ही विभागणी पाठ्यक्रमाच्या कागदावरच नोंदवलेली असावी. तोंडी ठरलेली सहल पहिल्याच आर्थिक अडचणीत रद्द होते. श्रेयांकात बसलेली सहज रद्द होत नाही.

आता अल्तामिराविषयी. आपल्या तालुक्यात हरवळे आणि लामगाव येथे जांभ्या दगडात कोरलेली लेणी आहेत, नार्वे येथे शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये पुन्हा उभारलेले सप्तकोटेश्वराचे देऊळ आहे, डिचोली शहरात नमाजगा, म्हणजे उघड्यावरील नमाजाची जागा, आहे आणि मातीची भांडी घडवणारे कारागीर अजून काम करीत आहेत. एवढे सारे बसच्या अर्ध्या तासाच्या अंतरावर असताना पहिले व्याख्यान स्पेनमधील गुहेच्या पडद्यावरील चित्राने सुरू करणे मला पटत नाही. याचा अर्थ पाठ्यक्रम गोव्याच्या सीमेवर थांबवावा असा मात्र नाही. जवळची प्रत्येक वस्तू दूरच्या परंपरेपर्यंत नेणारी निवडावी. जुने गोवे येथील सेंट कॅजेटन चर्चचा दर्शनी भाग पाहिल्यावर रोममधील सेंट पीटर्स बॅसिलिकाकडे जाता येते. तेथीलच पुरातत्त्व संग्रहालयात कदंबकालीन वीरगळ आहेत आणि त्यांतील काहींवर नौकांची लढाई कोरलेली आहे. त्यावरून दख्खनच्या शिल्पपरंपरेवर बोलता येते. तांबडी सुर्ल्याचे महादेव मंदिर कर्नाटकातील मंदिरस्थापत्याशिवाय समजतच नाही. चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सोझा सालिगावचे आणि चित्रकार वासुदेव गायतोंडे मूळ गोमंतकीय कुटुंबातले; या दोघांमुळे १९४७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपपर्यंत आणि तेथून आधुनिक युरोपपर्यंत विद्यार्थी आपोआप पोहोचतो. आपण ज्या युरोपीय चित्रकलेसाठी शेवटचे वर्ष राखून ठेवले आहे, ती या मार्गाने पहिल्याच सत्रात येईल.

वेळापत्रक पावसाकडे पाहून आखावे. पहिले सत्र पावसाळ्यात जाते, त्या काळात संग्रहालये, चर्चचे अंतर्भाग आणि पणजीतील चित्रसंग्रह पाहावेत. सांगे तालुक्यातील उसगाळीमळ येथील कातळशिल्पे कुशावती नदीच्या काठच्या जांभ्यावर असून पुराच्या दिवसांत पाण्याखाली जातात, म्हणून ती दुसऱ्या सत्रातच ठेवावी. प्रस्ताव विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाकडून विद्या परिषदेकडे जाण्यास जे महिने लागतात, तेही हिशेबात धरावेत. जूनमध्ये वर्ग हवा असेल तर एप्रिलमध्ये प्रस्ताव पाठवून उपयोग होत नाही.

प्रश्न: आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी हा अभ्यासक्रम उत्साहाने सुरू झाला. आता पटसंख्या निम्म्यावर आली असून व्यवस्थापन समिती ‘याचा उपयोग काय’ असे विचारते. त्यांना काय उत्तर द्यावे? (प्राचार्य, फोंडा तालुका)

उत्तर: समितीला उत्तर देण्याआधी वेळापत्रक तपासावे. विद्यार्थ्यांची रुची कमी झाली असे आपण समजतो, पण हा तास दुपारी सर्वांत शेवटी, म्हणजे दूरच्या गावांच्या बसगाड्या सुटण्याच्या वेळी लावलेला असतो, किंवा त्याच वेळी संगणकाचा एखादा अभ्यासक्रम असतो. पेडणे किंवा सत्तरीहून येणारा मुलगा शेवटची सोयीची बस चुकवून कदंबांची शिल्पे पाहायला थांबणार नाही, आणि त्याने थांबावे अशी अपेक्षाही करू नये. तास सकाळी आणून एक वर्ष वाट पाहावी.

उपयोगाच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर असे की, तीन श्रेयांकांच्या अभ्यासक्रमातून कोणालाही नोकरी मिळत नाही आणि तसे आश्वासन माहितीपत्रकात छापू नये. मात्र गोव्याची अर्थव्यवस्था पर्यटनावर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे, १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेल्या चर्चवास्तू आपल्याकडे आहेत आणि त्या दाखवणाऱ्यांपैकी अनेकांना कमान आणि घुमट यांपलीकडे काही सांगता येत नाही. मार्गदर्शक, संग्रहालय साहाय्यक, दस्तऐवज हाताळणारे, जुन्या घरांच्या नोंदी करणारे अशा कामांसाठी पाहण्याची आणि पाहिलेले नेमक्या शब्दांत लिहिण्याची सवय लागते. ती या वर्गात लागते, एवढे निश्चितपणे सांगता येईल. त्यासाठी परीक्षेची पद्धत बदलावी लागेल. सनावळी विचारणारी प्रश्नपत्रिका बाजूला ठेवून प्रत्येक विद्यार्थ्याला एकच वस्तू द्यावी आणि सत्रभर तिच्यावर लिहायला लावावे. आपल्या तालुक्यात तर वस्तूंची वाण नाही. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे येथील दीपस्तंभ, नगारखाने आणि घुमट यांच्यावर लिहिलेल्या पंचवीस-तीस चांगल्या टिपणांचा संच समितीसमोर ठेवला, तर माझ्या समजुतीने कोणत्याही युक्तिवादापेक्षा त्याचा परिणाम अधिक होईल.

प्रश्न: मी लेक्चर बेसिसवर हा विषय शिकवतो. सर्व चित्रे, टिपणे आणि संग्रहालयांशी असलेल्या ओळखी माझ्या वैयक्तिक आहेत. पुढच्या वर्षी मी असेन की नाही, हे मला ठाऊक नाही. माझ्यानंतर अभ्यासक्रम बंद पडेल, अशी भीती वाटते. (अध्यापक, काणकोण)

उत्तर: भीती रास्त आहे. महाविद्यालयांतील असे बहुतेक उपक्रम विद्यार्थी नसल्यामुळे नव्हे, तर शिकवणारी एकमेव व्यक्ती गेल्यामुळे बंद पडतात. आपण आपले सर्व साहित्य संस्थेला फुकट देऊन टाकावे, असे मी म्हणणार नाही. ज्या संस्थेने आपल्याला तासाप्रमाणे मानधन दिले आहे, तिने हे साहित्य तयार करण्याच्या तासांचेही मानधन द्यावे, अशी लेखी मागणी आधी करावी. क्षेत्रकार्याचे तास मानधनात धरले जात नसतील तर तेही त्याच पत्रात लिहावे.

त्यानंतर ग्रंथालयाच्या ताब्यात एक चित्रनोंदवही सुरू करावी. प्रत्येक चित्रासाठी वस्तूचे नाव, ठिकाण, काळ, माध्यम, छायाचित्र कोणी आणि केव्हा काढले, वापरण्याची परवानगी कोणाकडून मिळाली, एवढी माहिती पुरे. वर्षाकाठी शंभर चित्रे झाली तरी पाच वर्षांत चांगला संग्रह होतो, आणि विद्यार्थ्यांनी क्षेत्रकार्यात काढलेली छायाचित्रे त्यात आली तर तो इतर कोठेही मिळणार नाही असा होतो. संग्रहालये, देवस्थाने आणि चर्च यांच्याशी होणारा पत्रव्यवहार प्राचार्यांच्या नावाने, आवक-जावक क्रमांकासह करावा. आपली ओळख पहिल्या भेटीला उपयोगी पडली, तरी पुढच्या अध्यापकाला फाइलमधील पत्रच उपयोगी पडणार आहे.

प्रताधिकाराचे भान येथे ठेवावे लागते. वर्गात शिकवताना चित्र दाखवण्यास कायद्याने सूट आहे. पुस्तिका छापताना किंवा संकेतस्थळावर चित्र टाकताना ती गृहीत धरता येत नाही. भारतीय कायद्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो. सांग्यात जन्मलेले आंतोनियो शावियेर त्रिंदाद १९३५ मध्ये निवर्तले, म्हणून त्यांच्या चित्रांवरील हक्काची मुदत केव्हाच संपली आहे. त्यांच्या चित्रांचा संग्रह पणजीत फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेकडे आहे आणि त्यांच्याकडून चांगली प्रत मागणे शिष्टाचाराचे होईल. आंजेलो द फोन्सेका यांचे निधन १९६७ मध्ये झाले असल्याने त्यांच्या चित्रांसाठी २०२७ अखेरपर्यंत परवानगी हवी. सोझांच्या बाबतीत तर ती आणखी कित्येक दशके लागेल.

आपल्या जागी पुढे कोण येईल, याचाही विचार संस्थेने आत्ताच करावा. या विषयाची नेट, म्हणजे अध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा, दृश्यकला या विषयाखाली होते आणि कला-इतिहासातील पदव्युत्तर शिक्षण बडोद्यासारख्या मोजक्या ठिकाणी मिळते, त्यामुळे पूर्ण पात्रतेचा उमेदवार काणकोणला सहज मिळणार नाही. इतिहास विभागातील एका कायम अध्यापकाने आपल्याबरोबर सहअध्यापन सुरू करणे, हा मला दिसणारा व्यवहार्य उपाय आहे. पणजीतील आल्तिन्यावरील गोवा कला महाविद्यालयातील अध्यापकांना सत्रातून दोन-तीन व्याख्यानांसाठी बोलावता येईल. पण संपूर्ण अभ्यासक्रम पाहुण्या व्याख्यात्यांवर सोपवू नये. त्यात व्याख्याने चांगली होतात आणि मूल्यमापनाची जबाबदारी कोणाचीच राहत नाही.

प्रश्न: विद्यार्थ्यांना चर्चमध्ये नेले म्हणून एका पालकाने, आणि देवळात नेले म्हणून दुसऱ्याने तक्रार केली. सोळाव्या शतकातील देवळांच्या विध्वंसाचा विषय निघाला की वर्गात वाद होतो. तो भाग गाळावा काय? (अध्यापिका, तिसवाडी)

उत्तर: गाळू नये. अनेक दैवते नदीपलीकडे अंत्रुज महालात (आजच्या फोंडा तालुक्यात) का आणावी लागली, हे सांगितल्याशिवाय फोंड्याच्या देवळांचे स्थान आणि रूप समजावून देता येत नाही. सप्तकोटेश्वराची कथा दिवाडी बेटापासूनच सुरू होते. घटना स्पष्ट शब्दांत सांगावी आणि लगेच वस्तूकडे वळावे, कारण वस्तू बहुधा आपल्या भांडणापेक्षा गुंतागुंतीची असते. जुन्या गोव्याच्या संग्रहालयातील व्हाइसरॉयांच्या व्यक्तिचित्रांची मालिका १५४७ मध्ये जुआंव द काश्त्रू यांनी सुरू केली, गास्पार कोरैया यांच्या देखरेखीखाली ती एका स्थानिक चित्रकाराने रंगवली आणि पुढे तिच्यावर पुन्हा पुन्हा रंग चढवले गेले. ती नेमकी कोणाची कला, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवून पाहावा. फोन्सेकांनी शांतिनिकेतनात शिकून आपल्या चित्रांत येशूची माता मारियेला साडी नेसवली, तेव्हा गोव्यातील धार्मिक वर्तुळात नाराजी उमटली होती. तो प्रसंगही येथे सांगण्याजोगा आहे.

वाद वस्तूवर आणण्यासाठी बॉम जेझू बॅसिलिकाचा एक स्वाध्याय मी सुचवतो. १६०५ मध्ये पूर्ण झालेल्या या वास्तूच्या बाहेरच्या भिंतींचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकण्यात आला आणि तेव्हापासून उघडा जांभा पावसाचा मारा सोसत आहे. पुन्हा गिलावा करावा की आज सर्वांच्या ओळखीचे झालेले तांबूस रूप राखावे, यावर बाजू मांडताना विद्यार्थ्यांना दगड, चुना, पाऊस आणि स्मृती या सर्वांचा विचार करावा लागतो आणि कोणाच्या धर्माचा मुद्दा आपसूक मागे पडतो.

तक्रारींच्या बाबतीत, सत्राच्या पहिल्या आठवड्यात भेटींची यादी पालकांना कळवावी, देवस्थानच्या समितीची किंवा पाद्रींची लेखी परवानगी घ्यावी, पूजेच्या आणि मिसाच्या (चर्चमधील प्रार्थनेच्या) वेळा टाळाव्यात आणि गर्भागारापुढे कॅमेरा बंद ठेवावा. नमस्कार करणे अथवा न करणे ज्याच्या त्याच्यावर सोडावे.

प्रश्न: मी बँकेतून निवृत्त झालो आहे. आमच्यासारख्यांना हे शिकता येईल काय? आणि मराठीतून? (मडगाव)

उत्तर: पदवीच्या वर्गात बसणे कठीण आहे, परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कम्युनिटी कॉलेज योजनेच्या धर्तीवर महाविद्यालयाला संध्याकाळचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालवता येतो आणि आपल्यासारखे आठ-दहा जण एकत्र आले तर प्राचार्यांकडे तशी मागणी जरूर करावी. शुल्क भरणाऱ्या प्रौढांचा असा वर्ग दिवसाच्या वर्गाच्या सहलींचा खर्चही काही प्रमाणात उचलू शकतो. मराठीतून शिकवण्यास माझी हरकत नाही, उलट आग्रह आहे. मराठी विश्वकोशातील कलाविषयक नोंदी संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात आणि पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात मराठी, इंग्रजी आणि पोर्तुगीज साहित्य एका छताखाली आहे. मागणीच्या अर्जात आपल्या गटाला सोयीची वेळ आणि वार मात्र स्पष्ट लिहावेत.